ऐनाची साल

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात शाळेच्या पटांगणावर केलेलं भाषण. ध्वनिमुद्रणावरून उतरवून घेतलं. बोलण्यातली पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)



संयोजकांचा फोन आला तेव्हा त्यांनी विचारलं, ‘तू पुण्याला नेमकं करतोस काय?’ मी म्हटलं, ‘लोखंडाला लावलेला रंग तपासतो.’ पलीकडे थोडा वेळ शांतता. मग ते म्हणाले, ‘बरं. त्याच्यावरच बोल, पण पंधरा मिनिटांत आटप.’ लग्न ठरताना माझ्या सासऱ्यांनाही मी हेच उत्तर दिलं होतं आणि तेव्हाही अशीच शांतता झाली होती. तेव्हा आज सर्वांसमोर एकदाच खुलासा करून टाकतो. मी रंगारी नाही. इमारतीच्या लोखंडी खांबांवर आणि तुळयांवर आग लागली तर उपयोगी पडावा म्हणून एक लेप लावतात, तो नीट आणि पुरेसा जाड लागलाय की नाही हे मी बघतो. साइटवर त्याला फायर कोट म्हणतात.

आता मूलसारख्या गावातला, फॉरेस्ट गार्डचा पोरगा या धंद्यात कसा गेला? सरळ उत्तर म्हणजे डिप्लोमा झाल्यावर जी नोकरी मिळाली ती घेतली. पण मला स्वतःला वाटतं की या विषयाचा पहिला धडा मी बाबांबरोबर जंगलात घेतला होता, तेव्हा तो धडा आहे हे कळलं नाही इतकंच.

तुमच्यापैकी ज्यांचे वडील जंगल खात्यात होते त्यांना आठवत असेल, पंधरा फेब्रुवारीपासून पंधरा जूनपर्यंत घरात बाबा नसायचेच. आगीचा हंगाम. आधी जाळरेषा काढायच्या, मग मोह वेचणारे झाडाखालचा पाला पेटवतात त्यावर नजर ठेवायची, पुढे तेंदूपत्त्याचे दिवस. मी सातवीत असताना एकदा बाबांनी मला बरोबर नेलं. आग येऊन गेलेलं जंगल होतं. जमीन काळी, राखेतून धूर निघतोय, आणि झाडं मात्र उभी. मला वाटलं सगळी मेली. बाबांनी कोयत्यानं एका ऐनाच्या खोडाची साल थोडी तासली. ऐन म्हणजे तोच, काही जण येन म्हणतात, मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली साल असते तो. वरून कोळसा झालेली, पण आत बोटभर गेल्यावर ओली, लालसर, जिवंत. बाबा म्हणाले, ‘झाड नाही जळलं बापू, पाला जळला. साल कशासाठी असते मग?’

बस, एवढंच. जमिनीवरून सरकत जाणारी आग खोडापाशी थोडाच वेळ थांबते. तेवढा वेळ सालीनं आतल्या जिवंत थराला गरम होऊ दिलं नाही की झाड वाचलं. आग तिथेच मुक्काम करून बसली तर ऐनही जातो. सालीचं काम वेळ काढण्याचं. माझा सगळा धंदा या एका वाक्यात आहे, बाकी नुसता तपशील.

पण लोखंडाला साल कशाला हवी, लोखंड थोडंच जळतं? हा प्रश्न मला दर साइटवर कोणीतरी विचारतंच. लोखंड जळत नाही हे खरं. ते मऊ पडतं. आपल्या गावात लोहाराचा भाता बघत मोठं झालेल्यांना हे सांगायची गरज नाही. लाल झालेली फाळ हातोड्यानं वाकते. इमारतीचं पोलाद ४०० अंशांपर्यंत बऱ्यापैकी टिकाव धरतं, त्यानंतर ताकद झपाट्यानं उतरते, आणि ६०० अंशांना निम्मीसुद्धा उरत नाही. पोलादी बांधकामाचं आपलं भारतीय मानक आहे, आयएस ८००. त्याच्या २००७ च्या आवृत्तीत आगीवर वेगळं प्रकरण आहे आणि त्यात एक साधं सूत्र दिलंय. त्याप्रमाणे ज्या खांबावर त्याच्या ताकदीच्या निम्मा भार आहे, तो ५६० अंशांपर्यंत तग धरेल असं मानतात. आता दुसरी बाजू बघा. प्रयोगशाळेत चाचणीसाठी जी प्रमाणित आग धरतात तिचं तापमान पाच मिनिटांत ५७५ च्या आसपास जातं, अर्ध्या तासात ८४० आणि तासाभरात ९४५. म्हणजे उघडा खांब फार तर पंधरा-वीस मिनिटांचा सोबती. तोही जाडजूड असेल तर.

शिवाय तापलेलं लोखंड लांबतं. विज्ञानाचे सर इथे बसलेत, म्हणून सांगतो. सर, तुमचा तो गोळा आणि कडीचा प्रयोग! थंड गोळा कडीतून जातो, तापवला की अडतो. तुम्ही तो गरम गोळा कोणाच्या तरी वहीवर ठेवला होता आणि वहीला भोक पडलं होतं. ती वही माझी होती. तर तोच प्रयोग दहा मीटरच्या तुळईवर करा. ५०० अंशांनी तापली की ती सहा सेंटिमीटरहून जास्त वाढते. तिला वाढायला जागा नसेल तर ती भिंत ढकलते नाहीतर स्वतः वाकते. आगीनंतर गोदामाची जी भिंत बाहेर पडलेली दिसते ती पुष्कळदा अशी ढकललेली असते.

याच्या उलट आपल्या शाळेची जुनी इमारत. वर कवेलू, खाली सागाच्या तुळया. आपल्या भागाला सागाचं काय कौतुक! अयोध्येच्या मंदिराच्या दरवाजांसाठी २०२३ मध्ये बल्लारपूरहून सागवान गेलं तेव्हा मिरवणूक निघाली होती. तर लाकूड पेटतं म्हणून आपण त्याला घाबरतो, पण जाड सागाची तुळई पेटली की तिच्यावर कोळशाचा थर चढतो आणि तो थरच आतल्या लाकडाचं रक्षण करतो. मिनिटाला साधारण अर्धा ते पाऊण मिलिमीटर, अशी ती आत आत जळत जाते. तासाभरात दर बाजूनं तीन-चार सेंटिमीटर. नऊ इंची तुळईत तरीही पंधरा-सोळा सेंटिमीटर धड लाकूड उरतं. ऐनाची गोष्टच पुन्हा. मात्र हे जाड लाकडाचं झालं. बांबू पोकळ आणि पातळ. आपल्याच चिचपल्लीत बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्राच्या इमारतींना फेब्रुवारी २०२१ मध्ये आग लागली. आपण सगळ्यांनी ते फोटो मोबाइलवर पाहिले. बांधून होत आलेलं देखणं काम डोळ्यांदेखत गेलं. तिथे कोळशाची साल धरायला जाडीच नव्हती.

जाडीचा हा मुद्दा लोखंडालाही लागू आहे, आणि माझ्या धंद्यात सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो, म्हणून थोडं थांबतो. चूल पेटवताना काटक्या लगेच धरतात आणि ओंडका रात्रभर पुरतो. लाकूड तेच. काटकीला आग चारी बाजूंनी भिडते आणि आत तापवायला काही नसतंच. लोखंडाचंही तसंच. पातळ पत्र्यांची, हलकी तुळई लवकर तापते, जाड खांब उशिरा. म्हणून हलक्या तुळईला लेप जास्त जाड लागतो आणि भक्कम खांबाला कमी. ऐकायला उलटं वाटतं ना? ठेकेदारालाही उलटं वाटतं. तो म्हणतो, ‘साहेब, मोठा खांब आहे, त्याला दोन हात जास्त मारले, छोट्याला एक पुरे.’ मग मला काटक्या आणि ओंडका सांगावा लागतो. विदर्भातला मजूर असेल तर लगेच कळतं. शहरातल्या इंजिनियरला तक्ता काढून दाखवावा लागतो.

आता लेपाकडे येतो. दिसायला तो जाडसर पांढऱ्या रंगासारखाच. साधा रंग एका हाताला तीस-चाळीस मायक्रॉन बसतो, म्हणजे मिलिमीटरचा पंचविसावा-तिसावा भाग. हा लेप गरजेप्रमाणे अर्धा मिलिमीटर, एक, कधी दोन-तीन मिलिमीटरही. त्यात तीन गोष्टींचं काम मोठं आहे. एक अमोनियम पॉलिफॉस्फेट, ते तापलं की आम्ल सोडतं. दुसरं पेंटाएरिथ्रिटॉल नावाचं एक कर्बयुक्त द्रव्य, त्या आम्लानं त्याचा कोळसा होतो. तिसरं मेलामाइन, ते वायू सोडतं आणि त्या मऊ कोळशाला फुगवतं. हे सगळं साधारण दोनशे-अडीचशे अंशांना सुरू होतं. लोखंडाचं अजून काहीही बिघडलेलं नसतं तेव्हा.

(इथे पोषण आहाराच्या स्वयंपाकघरातून आणलेल्या शेगडीवर लोखंडाच्या दोन पट्ट्या तापवून दाखवल्या. लेप लावलेल्या पट्टीवर करड्या-काळ्या रंगाचा फेस उगवला. समोर बसलेली मुलं उठून पुढे आली, त्यांना शिक्षकांनी मागे नेलं.)

बघा, पापड फुगतो तसा. एक मिलिमीटरचा थर वीस-तीस पट, काही प्रकारांत पन्नास पटीपर्यंत फुगतो. हा फेस म्हणजे अगदी हलका कोळसा आहे आणि त्याच्या पोटात हवा भरलेली आहे. उष्णता त्यातून फार सावकाश जाते. आत्ता नाकाला झोंबलं ना, तो अमोनिया. उघड्या पट्टीच्या मागे हात नेऊ नका, ती केव्हाच तापलीये. म्हणजे माणसानं काय केलं, तर लोखंडाला सागासारखा कोळसा धरायला शिकवलं. ऐनाला निसर्गानं साल आयती दिली, लोखंडाची साल गरज पडेल तेव्हा उगवते.

लेपच एक उपाय आहे असं नाही. व्हर्मिक्युलाइट घातलेलं सिमेंटचं हलकं प्लास्टर फवारतात, जिप्समच्या पाट्या लावतात, किंवा खांब सरळ काँक्रीटमध्ये गाडतात. हे दिसायला ओबडधोबड, पण स्वस्त. लेप महाग, त्याची हौस मुख्यतः लोखंड उघडं दिसावं असं वाटणाऱ्या आर्किटेक्टना. पण कोणताही उपाय घ्या, तो जागेवर असला तरच उपयोगाचा. न्यूयॉर्कचे दोन मनोरे २००१ मध्ये पडले, त्याची अमेरिकी सरकारच्या मानक संस्थेनं वर्षानुवर्षं चौकशी केली. तिचा एक मुख्य निष्कर्ष असा की विमानाच्या धडकेनं पोलादावरचं फवारलेलं संरक्षण झडून गेलं होतं, आणि मग आगीनं उघड्या पोलादाला गाठलं. उलट उदाहरणही सांगतो, नाहीतर मी लेप विकायला आलोय असं वाटेल. लंडनमध्ये १९९० साली ब्रॉडगेट इथल्या बांधकाम चालू असलेल्या चौदा मजली इमारतीत मोठी आग लागली. पोलादाचं संरक्षण पूर्ण झालेलं नव्हतं. काही खांब दहा सेंटिमीटरनं आखूड झाले, तुळया लोंबल्या, पण इमारत पडली नाही, कारण सगळा सांगाडा एकमेकांना धरून होता. एकाचा भार दुसऱ्यानं उचलला. त्यानंतर इंग्रजांनी कार्डिंग्टनला एअरशिपच्या जुन्या हँगरमध्ये अख्खी आठ मजली इमारत उभारून तिला आगी लावून पाहिल्या. हौस म्हणायची! पण त्यामुळे आपल्याला कळलं की कुठे लेप हवाच आणि कुठे तो चैन आहे.

आता जे सांगणार आहे ते मी सहसा सांगत नाही. इथे सांगतो, कारण तुम्ही मला चड्डीत पाहिलेलं आहे.

नोकरीची सुरुवातीची वर्षं होती. एका औद्योगिक वसाहतीत दुमजली पोलादी गोदाम. गाव आणि कंपनी सांगत नाही. मी लेप लावणाऱ्या ठेकेदाराकडे तपासनीस होतो. सल्लागारानं तक्ता दिला होता: या खांबाला एवढे मायक्रॉन, या तुळईला एवढे. हलक्या आडव्या तुळयांना सर्वांत जास्त. ठेकेदारानं सगळ्यांना सरसकट एकच जाडी मारली, कारण ड्रम मोजून आले होते. शेवटचा आठवडा, मालकाला ताबा द्यायचा होता. मी यंत्र घेऊन फिरलो. खालून हात पोचेल तिथे मोजलं. तुळईच्या वरच्या अंगाला, जिथे शिडी लावून आडवं पडून हात घालावा लागतो, तिथे मी गेलो नाही. शिडी दुसरीकडे होती, ऊन मी म्हणत होतं, आणि तक्त्यातले रकाने रिकामे दिसत होते. ते मी टेबलावर बसून भरले. खालच्या आकड्यांना दहा-वीस इकडे तिकडे करून. खाली सही.

तीन वर्षांनी तिथे आग लागली. पॅकिंगचा माल पेटला. पाऊण तासात विझली. अग्निशामक दलाचे चार जण खालच्या मजल्यावर पाइप घेऊन उभे होते. त्यांच्या अधिकाऱ्याला वरून कुरकुर ऐकू आली आणि त्यानं ओरडून त्यांना मागे घेतलं. मग ती तुळई बसली. तुटली नाही, पण मधोमध हातभर खाली आली आणि तिच्याबरोबर वरचा माल घसरत खाली आला, बरोबर ते चौघे जिथे होते तिथे. कोणाला काही झालं नाही.

मला पाहणीला बोलावलं. तुळईच्या खालच्या अंगाला फेस उत्तम फुगला होता, पाठ्यपुस्तकात छापावा असा. वरच्या अंगाला फेस नव्हता, नुसता पापुद्रा आणि खाली जळकट लोखंड. फायलीत माझा तक्ता होता. त्या जागेसमोर आकडा होता ६२०. तो आकडा मी अजून विसरलेलो नाही. मी आमच्या ठेकेदाराला म्हटलं, हे मोजलेलं नव्हतं. तो म्हणाला, ‘विमा कंपनी बघेल, तू कशाला तोंड उघडतोस?’ मी सल्लागाराला जाऊन सांगितलं. नोकरी गेली. दीड वर्षं बरे हाल झाले. बाबांना कारण सांगितलं नव्हतं. नंतर एकदा त्यांनीच विचारलं तेव्हा सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, ‘ते चार पोरं कोण होते, तू भेटला का त्यांना?’ नव्हतो भेटलो. मग गेलो त्या केंद्रावर. त्यातल्या दोघांची बदली झाली होती, दोघे भेटले. चहा पाजला त्यांनी मला. काय बोलायचं ते मला नीट सुचलं नाही.

त्या दिवसापासून वरचं अंग मी स्वतः मोजतो. पोट सुटलंय, तरी शिडीवर चढतो.

आपल्या भागात हे काम करायचं तर आणखी एक अडचण आहे, हवा. मे महिन्यात चंद्रपूरचं ऊन तुम्हाला मी सांगायला नको. पत्र्याखालचं लोखंड हाताला चटका देतं. त्यावर लेप मारला की वरची साय लगेच धरते आणि आतलं द्रावण अडकून फोड येतात. जुलैत उलट. हवेत दमटपणा इतका की सकाळी लोखंडाला घाम फुटलेला असतो. नियम असा की ज्या तापमानाला दव धरतं त्याच्यापेक्षा लोखंड किमान तीन अंश गरम असल्याशिवाय ब्रश लावायचा नाही. त्यातही यातली द्रव्यं पाण्याला कच्ची आहेत, वरून बंद करणारा रंग मारला नाही तर दोन पावसाळ्यांत लेप पाझरून निकामी होतो, आणि बाहेरून काही कळत नाही. शिवाय आपली धूळ. राइस मिलचा कोंडा, कोळशाचे ट्रक. पहिला हात वाळेपर्यंत त्यावर थर बसलेला. मूलमध्ये या कामाचे महिने म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी. कोणी एप्रिलमध्ये करून देतो म्हणाला तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

हे सगळं मी आज सांगतोय, कारण काल संध्याकाळी मला आपल्या नव्या सभागृहाचा नकाशा दाखवला. आपण सगळे वर्गणी देतोय तेच सभागृह. पोलादी खांब, वर पोलादी कैच्या आणि पत्रा, आणि मागच्या निम्म्या भागात माळा काढून त्यावर ग्रंथालय. माळ्याखाली कोठार: सतरंज्या, प्लास्टिकच्या खुर्च्या, स्नेहसंमेलनाचे पडदे, जुन्या उत्तरपत्रिका. वर जायला एक जिना. कोठाराला लागून पोषण आहाराचं स्वयंपाकघर. अंदाजपत्रकात एक ओळ आहे, ‘सर्व लोखंडाला फायर पेंट, दोन हात’, आणि समोर बरीच मोठी रक्कम. समितीनं ती ओळ माझ्याकडे बघून घातली असावी, म्हणून मलाच बोललं पाहिजे.

ती ओळ काढून टाका.

‘दोन हात’ ही जाडी नव्हे. किती मिनिटांसाठी, कोणत्या खांबाला किती मायक्रॉन, आणि खाली जो लाल ऑक्साइड मारणार त्याच्यावर हा लेप टिकतो अशी चाचणी झालीय का, हे लिहिलेलं नसेल तर तो महागडा पांढरा रंग आहे. वरच्या कैच्यांना तर मी काहीच लावणार नाही. एकमजली हॉल आहे, त्या छपरावर कोणी राहत नाही, आणि छप्पर मऊ पडायच्या आत पोरं मैदानात असायला हवीत. त्यांना बाहेर काढायला दारं लागतात. नकाशात मुख्य दार एक आणि बाजूचं एक, तेही आत उघडणारं. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात जानेवारी २०२१ मध्ये दहा बाळं गेली, त्यातली बहुतेक धुरानं गुदमरून. तिथे खांब पडला नव्हता. धुराला माझ्या लेपाचं काही देणंघेणं नसतं. तेव्हा आधी बाहेर उघडणारी दोन रुंद दारं, आणि त्यांना शाळा भरलेली असताना कुलूप नाही. शिपाईकाका हसतायत, पण मला आठवतं, गॅदरिंगला मागचं दार तेव्हाही कुलूपबंद असायचं.

माळ्याचं वेगळं आहे. वर ग्रंथालयात चाळीस पोरं, खाली कोठारात पेट घेणारा सगळा माल, शेजारी गॅस. इथे खांब आणि माळ्याच्या तुळया तासभर टिकल्याच पाहिजेत. खांब काँक्रीटमध्ये गाडा. बारीक जाळी गुंडाळून दोन इंच काँक्रीट, एका तासासाठी पुष्कळ झालं. आपल्या गावचा मिस्त्री करेल, कुठला ठेकेदार नागपूरहून आणायला नको, आणि सायकली आपटून त्याचे टवके उडणार नाहीत. तुळयांना खालून लेप किंवा सिमेंट-व्हर्मिक्युलाइटचं प्लास्टर, पण सगळ्या अंगांनी, वरच्या अंगासकट. म्हणजे माळ्याची फरशी टाकायच्या आधी. पुढे पंखे-ट्यूबा टांगणारा इलेक्ट्रिशियन क्लँप ठोकताना लेप खरवडून ठेवणार, त्यासाठी आधीच हुक वेल्ड करून घ्या. कोठार आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये विटांची भिंत पूर्ण वरपर्यंत, आणि शक्य असेल तर सिलिंडर बाहेर. आणि दुसरा जिना, बाहेरच्या अंगाला.

माझा अंदाज असा की हे सगळं त्या ‘दोन हात’वाल्या रकमेत बसतं, जिना सोडून. माझी वर्गणी त्या जिन्याला धरा. अजून तिघांनी हात वर केले तर जिना पूर्ण होईल. केले का? दोन झाले. पाटील गल्लीकडचे सगळे खाली बघतायत, हेही पूर्वीसारखंच.

आपल्याकडे २००६ चा कायदा आहे, महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम. त्याप्रमाणे इमारतीतली आगीची व्यवस्था चालू असल्याचा दाखला वर्षातून दोनदा द्यायचा असतो, जानेवारीत आणि जुलैत. तो दाखला पुष्कळ ठिकाणी माझ्या त्या तक्त्यासारखा टेबलावर बसून भरला जातो. आपल्या शाळेचा दाखला भरला जाईल तेव्हा माजी विद्यार्थ्यांपैकी कोणीतरी सोबत उभं राहावं, गावात राहणारे तुम्ही पुष्कळ जण आहात. मी जानेवारीत येत जाईन, तसंही आईकडे येतोच.

वेळ संपली अशी चिठ्ठी आलीये. यंत्र मी सोबत आणलंय. सायकल स्टँडच्या शेडला गेल्या वर्षी ‘फायर पेंट’ मारलाय असं मुख्याध्यापक सर म्हणाले. चहानंतर तिकडे जाऊन मोजू. शिडी लागेल, शिपाईकाकांना सांगून ठेवलंय. ज्यांना बघायचं त्यांनी या.